कांद्याचा रस आणि माझं टक्कल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. पायांवर डोकं ठेवूनच करणार होतो, पण सध्या या डोक्याला काय काय चोपडलेलं असतं, तुझे पाय तेलकट व्हायचे, म्हणून लांबूनच. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? (कोणी काढा सुचवला तर आधी मला विचारा. घरगुती उपायांत मी आता फार पोचलेला माणूस आहे.)

तू हसशील, पण मी केस वाढवायला घेतलेत. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत ज्याच्या डोक्याने केसांना निरोप दिला, तो तुझा भाऊ रोज सकाळी कांदे किसून, रस गाळून टाळूवर चोळतो आणि तसाच चष्म्याच्या दुकानात जाऊन बसतो. मागे एक मुख्याध्यापिका डोळे तपासायला आल्या. मी भिंग बदलायला वाकलो, की त्यांच्या डोळ्यांना धारा. तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षरही दिसेना. त्या घाबरल्या, त्यांच्याहून जास्त मी घाबरलो, होती नव्हती ती जाड भिंगं लावून पाहिली. शेवटी त्या हवा खायला बाहेर गेल्या, तर समोरच्या दुकानाची पाटी त्यांना लख्ख दिसली. परत येऊन शांतपणे म्हणाल्या, "माझे डोळे चांगले आहेत. तुम्ही आंघोळ करून या." मग मेथीचा लेप झाला. तो वाळला की कातडी अशी ओढतो की भुवया वर चढून बसतात, आणि गिऱ्हाइकाने किंमत विचारली तरी मी चकित झालेलाच दिसतो.

आता खरं सांगतो. त्या मोठ्या तापानंतर हिचे केस पुंजक्यांनी गेले, हे तुला ठाऊकच आहे. एवढा जाड शेपटा होता! वाचनालयातली नोकरी, पण महिनाभर रजेवर आहे, घरातही रुमाल बांधून बसते, आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. डॉक्टर म्हणतात येतील, धीर धरा. ही मान डोलावते आणि कशालाच हात लावत नाही. म्हणून मी एक दिवस जाहीर केलं, की मला केस हवेत. ती म्हणाली, "तुम्हाला? आणि आता?" आणि हसली गं ताई. किती दिवसांनी. तेव्हापासून लेप तीच वाटते, माझ्या डोक्याला तीच लावते, आणि वाटीत उरलेला वाया कशाला घालवायचा म्हणून स्वतःला लावून घेते. (वाटी मी मुद्दाम मोठी घेतली आहे.) रविवारी दोघं डोक्याला पिशव्या बांधून गॅलरीत बसतो. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्यात.

बाकी सर्व ठीक. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
धाकटा

ता. क. काल ती म्हणाली, राहिलेत तेवढे एकदा बारीक कापून टाकावेत, पण परक्या बाईसमोर रुमाल सोडवत नाही. तुझ्या पार्लरला दोन दिवस सुट्टी दे आणि कात्री घेऊन ये. सहज आल्यासारखी ये.

आणखी एक ता. क. हे कोणाला बोलू नकोस. मला कानांमागे चक्क लव फुटली आहे. हिला अजून काही नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून रोज दार लावून वस्तऱ्याने काढून टाकतो.

ताई, पाकिटावर पत्ता लिहायला यांनी पत्र माझ्याकडे दिलं, आणि मी ते वाचलं. मोठी वाटी कशासाठी, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तसं दाखवू नका. कात्री आणाच, मी वाट पाहते. आणि आल्यावर तो वस्तरा काहीतरी निमित्त काढून तुमच्या पिशवीत टाका. लग्नात यांचे केस फार छान होते. मला ते परत बघायचेत.