पुलाकडच्या खांबाचं कुलूप

३ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आप्पा शुद्धीवर आले. आत्ताच डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. उजवं अंग मात्र हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. लवकर आणलं असतं तर, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या रुग्णवाहिकेच्या गणवेशाकडे बघितलं.

फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. सायकलमार्गावर कुणी म्हातारा पडलाय, एवढाच निरोप होता. पुलाकडे मार्गाच्या तोंडाशी लोखंडी खांब आहेत. मधल्याचं कुलूप काढून तो उचलला, की रुग्णवाहिका आत जाते. चावी आमच्या गाडीत कायम असते. त्या दिवशी ती लागेना. कुलूपच नवं होतं! सायरन वाजतोय आणि गाडी जागच्या जागी. शेवटी स्ट्रेचर घेऊन आम्ही दोघं पळालो. लांबून आधी ती मोठ्या घंटीची सायकल ओळखली, मग आप्पा.

मार्गाचं कार्यालय म्हणतं, कुलूप आमचं नाही. ज्याचं असेल त्याला मी सोडणार नाही.

गुडघा सांभाळ, धावपळ करून येऊ नकोस. लोभ आहेच, या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझा,
धाकटा


९ तारीख

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगायचा धीर होईना. ते कुलूप आप्पांचंच आहे.

मागच्या महिन्यात मोठ्या ऐटीत कळवलं होतं त्यांनी. मोटारसायकलवाली कार्टी कुलूप तोडून, खांब उपटून आत घुसतात, कार्यालय ढिम्म हलत नाही, म्हणून स्वतःच भक्कम कुलूप आणून लावलं. मी थट्टेत म्हटलं, आता रखवालदाराचा पगारही मागा. वर त्यांनी मला बजावलं, धाकट्याला सांगू नकोस, तो नियम काढत बसेल.

त्यांना यातलं काही बोलू नकोस रे. राग आला तर माझ्यावर काढ, चार पानं भरून लिही.

जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई


१६ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परिचारिकेने आप्पांच्या कपड्यांची पिशवी दिली. चावी सदऱ्याच्या खिशात होती. आमची गाडी खांबापाशी अडली, तेव्हा ती त्यांच्या छातीशीच होती. चार पानं लिहायला बसलो होतो, पण रागावू कुणावर?

आप्पा डावा हात मनगटातून सारखा फिरवतात. परिचारिकेला वाटलं नळ, म्हणजे पाणी हवंय. चमचा पुढे केला तर तोंड फिरवलं. मला कळलं, ती चावी होती. कुलूप लावलेलं आहे ना, असं विचारतायत. मी मान डोलावली. मग शांत झोपले.

कार्यालय म्हणतं, कापणारा माणूस आला की कापू. उद्या ड्यूटीवर जाताना मीच ते काढणार आहे. संध्याकाळी आप्पांना भेटायला जाईन. मला बघितलं की ते हात फिरवून विचारतील.

तुझी माया तेवढी पाठीशी असू दे.

धाकटा