तपकिरी राजाची भेग

३ नोव्हेंबर
तक्रार क्र. १. आमच्या निळ्या वजिराशेजारी सुनंदानं लोणच्याची बरणी ठेवली. म्हणे, दोन्ही चिनी मातीचीच. शंभरी गाठलेल्या वजिराला हिंगाचा वास येतो आहे. हे कुठल्या तरी शास्त्राविरुद्ध असणारच. ग्रंथ सापडला की बायकोला दाखवीन. तोवर बरणी तिथंच.
कपाटात बुद्धिबळाचे सहा जुने संच, सातवा अर्धा. सोळा निळे मोहरे माझ्याकडं, सोळा तपकिरी माझे मित्र साळवे यांच्याकडं, उस्मानपुऱ्यात. बारा वर्षांपूर्वी पडेगावच्या भंगारात या संचावर दोघांचा हात एकदमच पडला, तेव्हाचा तह. एकट्याला विकता येऊ नये, हे माझं कलम. महिन्याच्या पहिल्या रविवारी डाव मांडावाच लागेल, हे त्यांचं.
काल मोहरे लावताना त्यांच्या हातून तपकिरी राजा पडला. मुकुट वेगळा. म्हणालो, "साळवे, राजा हरल्यावर पाडतात." हसले नाहीत. राजा दुरुस्तीला माझ्याकडं.

९ नोव्हें.
वार्ताहराचं काम उरकून, पेपरला बातमी पाठवून दुरुस्तीला बसलो. मुकुट जोडला, रंगाचे तीन थर, वर झिलई. भेग भिंगातूनही दिसत नाही. स्वतःवर खूष.

१६ नोव्हें.
राजा पोचवला. साळव्यांनी उन्हात धरला.
"भेग कुठंय?"
म्हणालो, दिसत नाही, तेच तर कसब.
"शास्त्रीबुवा, तुटलं ते तुटलेलं दिसलं पाह्यजे. उद्या कुणी अखंड समजून घेईल. फसवणूक हाय ही."
शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेला माणूस. बाटलीवर खोटी चिठ्ठी चालायची नाही. मी म्हणालो, "पण पाडला कुणी?"
हे बोलायला नको होतं. चहा अर्धा टाकून उठलो.

७ डिसें., रविवार
साळवे आले नाहीत. बारा वर्षांत पहिल्यांदा. एक फोन केला, उचलला नाही. दुसरा मी केला नाही. स्वाभिमान. निळे मांडून बसलो. समोर रिकामी घरं.

१२ डिसें.
साळव्यांची मुलगी स्टीलचा डबा देऊन गेली. पंधरा तपकिरी मोहरे जुन्या बनियनमध्ये, राजा वेगळा. माझा रंग खरवडून काढलेला, भेग उघडी. चिठ्ठी नाही.
सुनंदाला म्हणाली, "पप्पा म्हणले, काकांकडं नीट राहतील."
"आणि पप्पा कसे आहेत?" सुनंदानं विचारलं.
"बरे हायत," चप्पल घालता घालता, खाली बघून.
सातवा संच पुरा झाला. बारा वर्षं मनातून हेच हवं होतं. अभिनंदन, शास्त्रीबुवा.

१४ डिसें.
सुनंदानं बरणी आपणहून हलवली. "जाऊन या ना एकदा." निघालो. रिक्षा स्टँडवरून परत आलो.
राजा पुन्हा पाहिला. रंग खरवडताना पातं जागोजागी घसरलंय, मूळची झिलई दोन ठिकाणी उडाली. हा साळव्यांचा नेहमीचा स्थिर हात नव्हे. थेंब मोजून ओतायचा माणूस. आणि त्या रविवारी त्यांच्या हातून राजा पडला तेव्हा मला विनोद सुचला.
रागावले असतील तर माफी मागेन, पाय धरीन. पण नुसता राग असता तर माणूस आपले सोळा स्वतःजवळ ठेवतो. साळवे आजारी आहेत, निरवानिरव करताहेत, असं वाटतं. विचारायची भीती वाटते.