इंदूरला उतरायचं कुठं?

५ डिसेंबर

आली! गाडी दारात आली! वाल्मीक मिस्त्री दिवाळीला देतो म्हणाला होता, आज दिली. अंबडच्या त्याच्या शेडमध्ये शाळेची जुनी मिनीबस गेली होती, तिचं चक्क घर होऊन आलं. दोन पलंग, शेगडी, भांडी घासायला एवढंसं सिंक, वर पाण्याची टाकी, मागे संडास. टेम्पोत फुलांच्या क्रेटना टेकून पन्नाशी गाठलेल्या बाईला आणखी काय पाहिजे?

सासूबाई काठी टेकत चढल्या. सगळं बघितलं. मग तो मागचा दरवाजा उघडला. "जिथं झोपायचं तिथंच संडास? आन् त्याच्या म्होरं चूल? शी!" — आणि उतरल्या.

ह्यांनी गाडी दोनदा धुतली. नव्या नवरदेवासारखं चाललंय.

६ डिसेंबर

पहिली सहल इंदूरच. ठरलं म्हणजे मी ठरवलं. सराफा बाजारात रात्री दुकानं बंद झाली की खाण्याच्या गाड्या लागतात म्हणे — ते मला बघायचंय. राजवाडा बघायचाय. सकाळी रस्त्यावर उभं राहून पोहे-जिलेबी खायचीय, आणि ताटली धुवायची नाहीये!

खरं कारण इथं लिहिते, कुणाला सांगत नाही. लग्न झाल्यापासून आम्ही जिथं जिथं गेलो तिथं कुणाच्या तरी घरी उतरलो. आणि उतरलो की दुसऱ्या सकाळी मी स्वयंपाकघरात. कुणी म्हणत नाही हो, चल म्हणून. पण घरची बाई एकटी राबत असताना आपण बसून कसं राहायचं? पुण्यात काय पाहिलं? चुलतसासूबाईंचा ओटा. कोल्हापुरात? ओटा. औरंगाबादला तर दोन ओटे, कारण मावसनणंद वरच्या मजल्यावर राहते.

यंदा नाही. आपलं घर आपल्याबरोबर. कुणाकडे उतरायचं नाही म्हणजे नाही.

फक्त एक घोळ आहे. इंदूरला ह्यांची धाकटी बहीण राहते.

८ डिसेंबर

"छायाला कोण सांगणार?" — हे.

"तुमची बहीण आहे."

"तुझी नणंद आहे."

असं जेवण होईपर्यंत चाललं. शेवटी ह्यांनी अक्कल लढवली — सांगायचंच नाही! जायचं, बघायचं, यायचं. एवढ्या मोठ्या शहरात कशाला दिसतोय आपण? मी म्हटलं, पिवळीधमक बस, एमएच पंधरा नंबर, आणि तुमचं नाक. कोण ओळखणार नाही!

छायाताई वाईट असत्या तर सोपं होतं. पण ती बाई सोनं आहे. सासू अंथरुणाला खिळलेली, सगळं हीच करते. चार वर्षं झाली, नाशिकला मुक्कामाला आल्या नाहीत. भाऊबीजेला हेच बसने जाऊन येतात. आणि आम्ही दोघं गेलो की त्या त्यातूनही नुसता पदार्थांचा कारखाना काढतात. तिथं मी हाताची घडी घालून बसू? हात तुटतील माझे!

१३ डिसेंबर

आज चाचणी. सायखेड्याला, माझ्या माहेरी. भावाच्या दारात गाडी लावायची, आत झोपून बघायचं — पाणी पुरतं का, थंडी वाजते का. पडदे जुन्या साडीचे शिवलेत, झकास दिसतात.

१४ डिसेंबर

भावजयीने हाताला धरून घरात नेलं. "गाव म्हणेल, नणंदेला घरात घेतली नाही!" गाडी रात्रभर एकटीच झोपली.

१९ डिसेंबर

मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा — रस्ता सरळ आहे. नाशिकमधून बाहेर पडणंच कठीण, कुंभमेळ्यासाठी जिकडेतिकडे खोदून ठेवलंय. हे रोज कुणाला तरी फोन करतात, गाडी रात्री कुठं लावता येईल म्हणून. शेवटी इंदूरजवळच्या हायवेवरच्या एका पेट्रोल पंपाचा मालक हो म्हणाला. संडासही स्वच्छ आहे म्हणाला. मी सासूबाईंना ऐकवलं, तर म्हणाल्या, "त्यो बी गाडीतच हाय का?"

२२ डिसेंबर

झालं! वाट लागली!

सासूबाईंनी फोनवर लेकीला सगळं सांगून टाकलं. मी मागे झेंडू निवडत होते, स्वच्छ ऐकू आलं — "येनार हायेत गं दोघं. पन तुझ्याकडं नाय उतरनार. पंपावर झोपनार." हवापाण्याचं सांगावं तसं!

पाच मिनिटांत ह्यांचा फोन वाजला. ह्यांनी नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. शूर माणूस!

"वहिनी, माझं घर असताना तुम्ही पंपावर झोपणार? माझ्या सासरी काय सांगू मी? भावाला बहीण नको झाली म्हणून?" मी नुसतं "तसं नाही हो ताई, तसं नाही" करत राहिले. ठेवला त्यांनी.

२३ डिसेंबर

फोन नाही. मी केला तर उचलला नाही. रडले. मला कुणाला दुखवायचं नव्हतं. एकदा फक्त आपल्या मर्जीने उठायचं-बसायचं होतं, एवढंच.

हे म्हणाले, "मग त्र्यंबकला जाऊन येऊ का गाडी घेऊन?" त्र्यंबकला स्कूटर काय वाईट आहे!

२६ डिसेंबर

सांगितलं. सगळं खरं सांगितलं. आज फोन उचलला त्यांनी आणि मी दमच घेतला नाही — ओट्यांचं सांगितलं, पुण्याचं, कोल्हापूरचं. "ताई, तुमच्याकडे आले की तुम्हीही राबता आणि मीही राबते. राजवाडा तुमच्या गच्चीवरून कुठं दिसतो ते तुम्ही मला तीनदा दाखवलंत, पण मी तिथं गेलेच नाही कधी!"

मला वाटलं, संपलं. नात्याचे बारा वाजवले आपण.

मग म्हणाल्या, "गाडीची लांबी किती?"

त्यांच्या घरासमोर कॉलनीचं मैदान आहे. विचारून ठेवते म्हणाल्या. "घरात नका येऊ. जेवायला पण नका येऊ. पण दारात लावा. लोकांना तेवढं पुरे आहे."

हो म्हटलं. काय करणार! पण दारात म्हणजे काय ते सायखेड्याला कळलंय मला. हाताला धरून नेतील. मी मात्र ह्या वेळी जायची नाही. वाक्यही पाठ केलंय — "ताई, उद्या नक्की, आज फार दमलोय." हे म्हणाले, "आणि उद्या?" उद्याचं उद्या!

३० डिसेंबर

सासूबाईंची पिशवी भरून दारात. "मी बी येनार. लेकीला बघून लय दिस झाले."

"आणि आई, तो संडास?"

"डोळे मिटून बसंन!"

हसून हसून पुरेवाट. त्यांना खालचा पलंग, मला वरचा. हे खाली सतरंजीवर. नवरदेवाची रवानगी जमिनीवर!

५ जानेवारी

उद्या पहाटे निघायचं. संक्रांतीचा झेंडू चुलतदीर मोतीराम तोडणार, बाजारात तोच नेणार. पाण्याची टाकी भरली. ते पाठ केलेलं वाक्य दोनदा म्हणून बघितलं. भीती गाडीची नाही, छायाताईंची.

७ जानेवारी, इंदूर

काल संध्याकाळी पोहोचलो. गाडी मैदानात लावली तोच छायाताई समोरच्या फाटकातून येताना दिसल्या. मी वाक्य तयार ठेवलं. त्यांच्या काखेत उशी होती.

"आमच्या ह्यांना बसवलंय माझ्या सासूबाईंजवळ. वहिनी, आत येऊ? चार वर्षांत माहेरी राहिले नाही हो. आज माहेरच दारात आलंय."

मी बाजूला झाले. त्या आईच्या कुशीत शिरल्या आणि बोलता बोलता झोपल्यासुद्धा.

सकाळी चहा मी केला. त्यांना उठू दिलं नाही.