आईच्या नवसाचा कोंबडा आणि माझा अचूक हात

मेडशी,
गुरुवार

ती. रत्नमालाताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार, भाऊजींनाही सांगावा. त्यांची कंबर कशी आहे? (सोयाबीनचं पोतं एकट्यानं उचलू नका, असं मी त्यांना म्हणालो होतो. पण अगदी स्पष्ट म्हणालो होतो का, हे आता खात्रीनं सांगता येत नाही.) तुझी शुगर ताब्यात असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. आईचा उजवा डोळा फार छान झाला. समोरच्या दांडीवर वाळणाऱ्या कपड्यांची भोकंसुद्धा तिला ओसरीवरून दिसतात. मला याचा मनापासून आनंद आहे, हे इथंच नोंदवून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला शंका येईल. फोनवर तू हसत सुटशील, म्हणून पत्र लिहितो आहे. बबलू त्याच्या जीपनं कामरगावला येतो आहे, तोच आणून देईल.

आपल्या खुडूक कोंबडीखाली पिल्लं निघाली तेव्हा त्यातला नर कोणता आणि मादी कोणती, हे सांगणारा माणूस साऱ्या गल्लीत नव्हता. जो तो म्हणे, मोठी होऊ द्या, दिसतेच. मला हे पटेना. बी.एस्सी. झालेल्या माणसानं निसर्ग आपण होऊन सांगेल म्हणून वाट बघत बसावं का? मी मोबाइलवर पद्धत पाहिली. पिल्लू अगदी कोवळं असताना त्याचा पंख हलकेच उघडायचा, कडेची पिसं एकसारखी आहेत की लांब-आखूड ते पाहायचं आणि निकाल द्यायचा. एकेक पिल्लू तळहातावर घेऊन उजेडाकडे धरलं, शंका आली तिथं पुन्हा पाहिलं, आणि कोंबड्यांच्या पायात लाल दोरा बांधला, तलंगांच्या पायात हिरवा. (तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. तुला सांगायला नको, पण भाऊजी अकोल्यात वाढलेले आहेत.) हिरव्या दोऱ्याच्या सगळ्या मी नात्यात वाटल्या, त्यातलीच तुझी राणी. लाल दोऱ्याचे घरी ठेवले.

त्या लाल दोऱ्यांपैकी एकाला आईनं मरीमायच्या नावानं हळदकुंकू लावलं. ऑपरेशन नीट झालं तर कोंबडा सोडीन, असा नवस. आपल्या घरचा नेम तुला ठाऊकच आहे. आईनं माळ घातल्यापासून आपण कोंबडा कापत नाही, देवीच्या ओट्यावर नेऊन सोडतो. पण तो घरच्याच अंड्याचा लागतो, विकतचा चालत नाही, आणि ओट्यावर त्यानं बांग दिली की नवस फिटला. आईला तेव्हा सगळं धूसर दिसायचं. तिनं विचारलं, “हरी, कोंबडाच हाय न?” मी म्हणालो, “माय, गॅरंटी हाय माही.”

पुढे आगाऊपणा करणारे पुष्कळ निघाले. शेजारच्या रामकिसनकाकांनी कुंपणावरून विचारलं, “काहून रे हरीओम, तुहे कोंबडे लयच चूप राह्यतेत. मौन धरलं का त्यायनं?” मी म्हणालो, संस्कार आहेत. नितानंही एकदा म्हणून पाहिलं, “अहो, तुरा कुठी हाय त्याले?” मी तिला समजावलं की सगळ्याच पोरांना मिशा एकदम फुटत नाहीत, आणि तुरा हा वरवरचा पुरावा, मी पिसं पाहिलेली आहेत. त्यानंतर ती या विषयावर बोलली नाही. (याचा अर्थ तिला पटलं असा मी घेतला. तो बरोबर होता का, याबद्दल रोजनिशीत अजून विचार चालू आहे.)

मग आईची पट्टी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीवर ऊन घेत बसली होती. नवसाचा कोंबडा तिच्या समोरून गेला, सोयाबीनच्या भुशाच्या, कुटाराच्या टोपल्यात बसला, बऱ्याच वेळानं उठला आणि गल्ली गोळा होईल एवढं ओरडला. आईनं टोपल्यात हात घातला. अंडं गरम होतं.

“हरी, मरीमायले सोडाचा कोंबडा अंडं देऊन राह्यला.”

मी जवळ जाऊन सर्व बाजूंनी पाहणी केली.

“डाक्तरनं माहा डोया तं बनवला,” ती म्हणाली, “आता तुहा कोन बनवन?”

आठवडाभरात बाकीचे लाल दोरेही एकामागून एक अंड्यावर आले. मग मी नात्यात चौकशी केली. अनसिंगच्या मावशीची तलंग आरवायला लागली, म्हणून तिचा रस्सा झाला होता. जिथं जिथं विचारलं तिथं तिथं रस्साच. शेवटी ओळखीच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, पिसांची ही खूण काही खास जातींतच चालते, आपल्या गावरान कोंबड्यांत तिचा काही उपयोग नाही. ताई, हे ऐकून मी प्रथम खचलो, आणि मग माझ्या लक्षात आलं. नुसतं नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. खूण नसताना, नियम नसताना, एकूण एक पिल्लाचं उलटं सांगणं, याला हात लागतो. असा अभिमान बाळगणं योग्य आहे का, हे मी स्वतःला कठोरपणे विचारलं. दोन दिवस विचार केला. योग्य आहे.

अडचण आहे ती आईची. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे आणि ती हलायला तयार नाही. “मरीमायचं द्याचं ठेवून दुसरा डोया कोन्या तोंडानं मांगू?” मी बाजारातून चांगला तुरेवाला कोंबडा आणतो म्हणालो, तर तिनं नव्या डोळ्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. अर्धी नजर एवढी, तर पुरती आल्यावर माझं काय होईल, हा प्रश्न आहे. तरीही ती यावी असं मला वाटतं.

सर्वांना यथायोग्य. भाऊजींना कंबरेला शेक घ्यायला सांग.

तुझा,
हरीओम

ता.क. बबलूबरोबर अंडी पाठवली आहेत. सगळी माझ्या कोंबड्यांनी दिलेली आहेत.

ता.क. दुसरा. राणी पहाटे ओरडते आणि अंडं मात्र देत नाही, असं तू म्हणाली होतीस. आणि मी म्हणालो होतो की माहेरची आठवण येत असेल. ते विसर. साऱ्या नात्यात माझ्या शब्दावर तिला आजवर तलंग मानणारी तू एकटी, म्हणून ती जिवंत आहे. आपल्या घरच्या अंड्याचा, आरवणारा, असा तेवढा एकच उरला. सोमवारी एसटीनं येऊन तिला घेऊन जातो, मंगळवारी ओट्यावर सोडू. तुझा जीव आहे तिच्यावर, हे मला कळतं. तिला रोज दाणे मी स्वतः टाकीन. फक्त पायातला हिरवा दोरा आधी काढून ठेव. आईला आता दिसतं.

ता.क. शेवटचा. नवी पिल्लं निघाली आहेत. राणीच्या बदल्यात तुझ्यासाठी एक पंख नीट पाहून निवडलं आहे. कोंबडा आहे, अगदी खात्रीनं सांगतो. अंडी चांगली देईल.