मॅमथ पर्सनॅलिटी

४ फेब्रुवारी
संकल्प: रोज एक भारदस्त इंग्रजी शब्द वापरायचा. चिखलीत स्पोकन इंग्लिशचा क्लास मी चालवतो. मी नाही वापरणार तर कोण? आजचा शब्द: मॅमथ. म्हणजे प्रचंड, अवाढव्य. रविवारी वापरीन. आमच्या संजीवनीला बघायला मलकापूरचे लोक येताहेत. मुलगा ऋत्विक, बँकेत आहे. दोघांचं आधीच जमलंय असं माझी बायको मंजुळा म्हणते. मला कुणी सांगितलं नव्हतं. असो. छाप पाडणं माझ्याकडे.

रविवार, संध्याकाळ
कार्यक्रम उत्तम. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीखही ठरली. मुलाची आई कौशल्याबाई मलकापुरात साड्यांचं दुकान एकहाती चालवतात. धिप्पाड बाई. सोफ्यावर शेजारी कुणाला जागा उरली नाही. निघताना मी उभा राहून म्हणालो, "मॅडम, यू आर अ मॅमथ पर्सनॅलिटी." सगळे गप्प. भारावले असावेत.

सोमवार
मुलाचे मामा उकंडराव यांचा फोन. त्यांनी मोबाइलवर शब्द शोधला. केसाळ हत्तीचं चित्र निघालं. "माह्या बहिणीले हत्ती म्हणता काऊन हो? अन् तोबी केसाळ?" मी शांतपणे सांगितलं, तो नाउन. मी वापरला तो ॲडजेक्टिव्ह. फोन कट. रेंज नसावी.

मंगळवार
मंजुळा म्हणते, "माफी मांगून टाका न, दोन शब्दांत." माफी कशाची? गैरसमज अज्ञानातून होतो. त्यावर उपाय ज्ञान. दुपारभर शब्दाचं मूळ वाचलं. उद्या मलकापूर.

बुधवार
एसटीनं थेट दुकानात. गिऱ्हाइकं होती, म्हणजे श्रोतेही मिळाले. समजावलं: शब्द रशियनमधून इंग्रजीत आला. मूळ सायबेरियातल्या एका भाषेतलं असावं, अर्थ 'जमिनीतलं शिंग'. तिथल्या लोकांना जमिनीत सुळे सापडायचे. त्यांना वाटायचं, हे जनावर घुशीसारखं जमिनीखाली राहतं आणि उजेड लागला की मरतं. यात अपमान कुठे?
एक बाई तोंडाला पदर लावून हसली. कौशल्याबाई हसल्या नाहीत. उकंडराव तिथेच होते. म्हणाले, "परवा नुसता हत्ती होता. आज शिंगं बी लावले, बिळात बी घातलं."
मग मी हुकमाचं पान टाकलं: 'प्रचंड' हा अर्थ अमेरिकेत रूढ झाला, तेव्हा चीजच्या भल्यामोठ्या गोळ्यालाही मॅमथच म्हणत!
चहा आला नाही. धंद्याची वेळ होती.

शुक्रवार
मलकापूरचा निरोप: साक्षगंध रद्द. लोक हल्ली वाचत नाहीत, त्याचा हा परिणाम.
संजीवनी जेवली नाही. दाराबाहेरून हाक मारली. आतून म्हणाली, "बाबा, तुमाले मी पाहिजे का तो शब्द पाहिजे?" पर्याय दिलेला प्रश्न. क्लासमध्ये असे मी सोपे म्हणून घालतो.
थोडा वेळ दाराशीच उभा होतो.

१६ फेब्रुवारी
उकंडरावांसाठी पाच पानी निवेदन लिहायला घेतलं. संजीवनी न सांगता एकटीच मलकापूरला गेली. परतली ती हातात साडी घेऊन. कौशल्याबाई तिला म्हणाल्या म्हणे, "मी जाड आहो हे मले आरसा रोजच सांगते, पोरी. राग त्याचा नाही. तुह्या बापानं माह्याच दुकानात, माह्याच गिऱ्हाइकांसमोर माह्यावर क्लास घेतला, त्याचा आहे." तरी साक्षगंध पुन्हा ठरलं.
माझं विवेचन पटायला वेळ लागला, एवढंच.

२५ फेब्रुवारी
साक्षगंध झालं. मला माइक मिळाला नाही. मंजुळा म्हणाली, बिघडलाय. त्याच माइकवर उकंडराव अर्धा तास बोलले.
पंगतीत कौशल्याबाई स्वतः वाढायला आल्या. हीच संधी. मी उठलो, घसा खाकरला. अख्खी पंगत थांबली. समोर संजीवनीचा घास हातातच राहिला. तिचा चेहरा पाहिला आणि पहिलं वाक्यच आठवेना.
कौशल्याबाईंनी माझ्या ताटात जिलबी ठेवली. म्हणाल्या, "बसा भाऊ. जेवा."
बसलो. जेवलो.