हंड्यावरचं नाव

नेवासे तालुका, मार्गशीर्ष १९४९

प्रिय मना,

हे पत्र आधी तू एकटीने वाच. जावईबापूंना, राधाकृष्णरावांना दाखवायचं की नाही, ते शेवटपर्यंत वाचून ठरव. घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

सोमवारी आपली कपिला ओढ्यावरून झोकांड्या खात आली आणि दारातच बसली. मला वाटलं, कोवळी ज्वारी बाधली. गुळाचं पाणी पाजावं म्हणून दुकानात धावलो, तर रंगनाथ वाणी म्हणाला, "गूळ न्हाई आन् नवसागरबी न्हाई. हुतं ते समदं उचललं." कल्हईवाला वर्षभर गावात फिरकला नाही, मग नवसागर नेतो कोण? घरी आलो तर शेजारची राहीबाई गाईचं तोंड हुंगून हसत होती. "मामा, औषिद कशाला? प्यालीय ती. निजू द्या जरा."

मग एकेक आठवू लागलं. गूळ-नवसागर हातभट्टीच्या दारूलाच गेला असणार. ओढ्यापलीकडचा भरदुपारचा धूर, वाऱ्याबरोबर येणारा आंबूस वास, पाण्याकडेला ओतलेला चोथा. कपिलेने तोच खाल्ला होता. दारूबंदी आली, तरी आपल्या गावच्या गोरक्षाचे डोळे दिवाळीत असलंच काही पिऊन गेले. बायको त्याला हात धरून फिरवते. ते आठवलं आणि मी थेट नेवाशाला फौजदारांकडे गेलो. खरं सांगतो, छाती फुगली होती.

काल सकाळी धाड पडली. माणसं पळाली. वाचता येतं म्हणून फौजदारांनी मला पंच केलं. चुलीवरचा तांब्याचा हंडा उतरवला, काजळी पुसली आणि म्हणाले, "बाबा, नाव वाचा."

तुझ्या लग्नात तांबट नाव घालत होता तेव्हा मी शेजारी बसून एकेक अक्षर तपासलं होतं. 'सौ. मनकर्णा हीस वडिलांकडून.' मी बराच वेळ चष्मा पुसला. मग वाचलं. ही कोण, म्हणून विचारलं, तर म्हणालो, माझी लेक. पंचनाम्यावर सहीही केली.

राहीबाई तुमच्या घोडेगावच्या बाजाराला निघालीय, तिच्या हाती हे देतो. फौजदार उद्या दुपारी तुमच्याकडे येतील. राधाकृष्णरावांना पळा म्हणू नकोस. म्हणावं, सासरे उद्या सकाळपासून नेवाशाच्या चौकीबाहेर बसतील, दोघं मिळून आत जाऊ. आणि मना, हंडा घरातून गेला तेव्हा तुला ठाऊक होतं का, ते मला लिहून कळवू नकोस. येऊन सांग.

तुझाच,
बाप