कलावंताच्या पायाखालची माती

७ नोव्हेंबर १९३३, मंगळवार

कॅमेरा आला. बदली होऊन निघालेल्या स्टेशनमास्तरांकडून घेतला. बॉक्स कॅमेरा. एका कोपऱ्याचं चामडं सुटलंय, पण भिंग शाबूत. यंदा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत फोटोंचं प्रदर्शन भरणार आहे, पहिल्या नंबराला चांदीचं पदक. पदक जवळजवळ माझंच. फक्त फोटो काढायचे राहिलेत.

विषयही ठरला: 'रस्त्यावरची मुलं'. स्टुडिओत पडद्यापुढे बसवलेली मुलं म्हणजे चौरंगावरचे गणपती. मला नॅचरल एक्स्प्रेशन हवं.

कचेरीतले हेडक्लार्क धोंडप्पा म्हणाले, रेवणसिद्धप्पा, आधी घरच्यांचा एक काढा. घरच्यांत कसली आलीय कला!

सौ.ने विचारलं, लोकांच्या पोरांचे काढणार, तर त्यांच्या आयांना विचारणार ना? मी समजावलं, विचारलं की माणूस ताठ होतो आणि नॅचरलपणा पळतो. ती म्हणाली, आणि न विचारता काढला की कोण पळतो? विषय तिथेच थांबवला.

निश्चय: कुणालाही विचारायचं नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ

सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. पायरीवर एक मुलगी पाण्यात पाय हलवत बसलेली. उत्तम सबजेक्ट. हा कॅमेरा पोटाशी धरून त्यात वरून वाकून बघायचं असतं. बघणाऱ्याला वाटतं, हा गृहस्थ आपल्याच पोटाकडे बघतोय. म्हणजे काळजी नाही.

मुलीच्या बापाला तसं वाटलं नाही. "काय वो, काय चाललंय?" म्हणून अंगावर आला. मी म्हणालो, उजेड बघतोय. तो म्हणाला, "उजेड वर असतोय. खाली पोरगी हाय माजी." धुणं धुणाऱ्या बायका हसल्या.

उजेड खरोखरच गेला होता, म्हणून परतलो. दुसरं कारण नाही.

निश्चय: कॅमेरा दिसताच कामा नये.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

युक्ती! सौ.च्या बाजाराच्या पिशवीला भिंगाएवढं भोक पाडलं. आत कॅमेरा, वर कोथिंबिरीची जुडी. कुणाला शंका येणार?

मंगळवारच्या बाजारात घोंगड्या विकणारी एक धनगरीण बसली होती. मायाक्का नाव, ते भाव करणाऱ्यांकडून कळलं. हे लोक सांगोल्याकडचे. मेंढरं घेऊन येतात आणि गावाबाहेरच्या रानात मुक्काम ठोकतात. घोंगड्यांच्या ढिगावर तिचं वर्षाच्या आतलं पोर बसलेलं. अंगावर करदोड्याशिवाय काही नाही. गुबगुबीत मांड्या, मोठाले डोळे, हातात बाजरीच्या भाकरीचा तुकडा. मी पिशवी त्याच्या तोंडासमोर नेली, खटका दाबला आणि न राहवून मोठ्यानं बोलून गेलो, "वा! काय गोजिरं पोर आहे! असं बाळसं अख्ख्या बाजारात नाही!"

एवढी मनापासून तारीफ केली, तर त्या बाईनं पोराला ओढून पदराखाली झाकलं. खेडवळ माणसं. कौतुकाची सवय नाही.

पुढे भाजीवाल्या केराबाईच्या नातीचा काढला, आणखी काही पोरांचे काढले. सगळ्यांची तोंडभरून स्तुती केली. माणसानं सभ्यता सोडू नये. सौ.ला भोक सापडलं. उंदरावर ढकललं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहावा असा.

बाजारात शिरलो तोच मायाक्का समोर. मला वाटलं, भांडते आता. पण ती माझ्याकडे एकटक बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "दादा, वहाण काढून जरा हितं हुबा ऱ्हावा की." उभा राहिलो. मग म्हणाली, "आता डावा पाय उचला." उचलला. तिनं वाकून माझ्या पायाखालची चिमूटभर माती घेतली आणि पदराला गाठ मारून ठेवली.

पायधूळ! भर बाजारात! मी हात वर करून "कल्याण असो" म्हणालो. ती म्हणाली, "व्हय, व्हायाच पायजे." तेवढ्यात केराबाईही आली आणि तिनंही घेतली. आणखी दोघी आल्या.

कलेची कदर शिकलेल्यांना नसते, ती अशी साध्या माणसांना असते.

२२ नोव्हेंबर, बुधवार

सौ.ला सांगितलं. तिनं विचारलं, उजव्या पायाखालची की डाव्या? मी म्हणालो, डाव्या. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ खोकत होती. हसल्यासारखं खोकत होती. बाहेर येऊन म्हणाली, त्यांना मीठ-मोहऱ्या पण न्यायच्या असतील, विचारा. पायधुळीशी मीठ-मोहऱ्यांचा काय संबंध? बायकांचं डोकं सदा फोडणीत.

धोंडप्पांनाही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि "चालू द्या" म्हणाले. मत्सर.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

लोकांची गैरसोय नको म्हणून वहाणा घरीच ठेवल्या आणि अनवाणी बाजारात गेलो. धोतर धुवट नेसलो. मायाक्कानं पुन्हा माती घेतली. आज चेहरा ओढलेला होता. पोर काखेत रडत होतं. म्हणाली, "दादा, तुमची नजर लई जड हाय. एका डावात उतरंना."

असणारच. कलावंताची नजर हलकी असून कसं चालेल? मी नम्रपणे म्हणालो, जन्मतःच आहे. ती दोन पावलं मागे सरकली.

निश्चय: पदक मिळालं तरी साधेपणा सोडायचा नाही.

५ डिसेंबर, मंगळवार. दुपारी

जे घडलं ते शांतपणे लिहितो.

मायाक्का घर शोधत आली. बरोबर नवरा धुळा, आणि काखेत ते पोर. दारातूनच म्हणाली, "बाई, तुमच्या मालकानं माज्या येडूला दिष्ट लावली. तवापास्नं प्येत न्हाय, नीजत न्हाय. पायाची माती दोनदा उतरवली. आता मानूसच फुडं हुबा करा."

म्हणजे पायधूळ नव्हे. ज्याची दृष्ट लागते त्याच्या पायाखालची माती मीठ-मोहऱ्यांत घालून पोरावरून ओवाळतात आणि चुलीत टाकतात, ती माती. हे सौ.ला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी रागानं विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही इतके खुशीत होता की सांगवलं नाही.

मी विज्ञानाच्या बाजूनं बोलायला सुरुवात केली. डोळ्यातून काही बाहेर पडत नाही, उजेड आत जातो वगैरे. मायाक्का ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, माजी दोन गेली. ह्यो तिसरा. कुनाच्या डोळ्यावर यू नये म्हनून येडू नाव ठिवलं, न्हाय तर चांगलं नाव मला ठावं न्हवतं व्हय? आन् तुमी भर बाजारात वरडून सांगितलं, असं पोर न्हाय म्हनून."

विज्ञान बाजूला ठेवलं. वाईट वाटलं. खरोखर वाटलं. मुकाट्यानं अंगणात जाऊन उभा राहिलो आणि डावा पाय उचलला.

सौ.नं पोर मांडीवर घेतलं, त्याच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, अगं, दात येतायत याला. धुळा म्हणाला, "तर! मी म्हनत हुतो की." मायाक्का म्हणाली, "दात येत्यातच की. पर दिष्ट बी हाय." मग दोघींनी मीठ-मोहऱ्या, मिरच्या आणि मी, असं सगळं एकत्र करून ओवाळलं. चुलीत टाकल्यावर ठसका आला नाही; दृष्ट जबर असली की येत नाही म्हणे. मायाक्का म्हणाली, "बगा, केवडी हुती!" सौ.नं हिरड्यांना मध चोळला. पोर तिच्या मांडीवरच झोपलं.

सायंकाळी, पुढे चालू

पोर उठलं ते हसत. दूध प्यायलं. मग मायाक्कानं विचारलं, ती छबी कुठंय? पिशवीतला खटका तिनं तेव्हाच ऐकला होता. मी कॅमेरा दाखवला आणि सांगितलं, आत आहे, अजून एक जागा शिल्लक आहे. तिनं जरा विचार केला. म्हणाली, "काढायचीच आसंल तर सांगून काढा की. कुंची घालू, तीट लावू. पोराला बी कळू द्या." कधी नव्हे ती संधी. मी कॅमेरा पोटाशी धरला. तशी म्हणाली, "तुमी नगं. बाईंनी काढावी."

सौ.ला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. मी सूचना देऊ लागलो, तर मायाक्कानं मला तोंड भिंतीकडे करून उभं राहायला सांगितलं. राहिलो. पाठीमागे सौ.चा आवाज ऐकू येत होता: येडोबा, काढू का फोटो? काढू? हं, इकडे बघा. मग खटका. मग पोराचं खिदळणं.

विचारून काढला, म्हणजे फोटो ताठ येणार. दुसरं काय?

१२ डिसेंबर, मंगळवार

शिवयोगी स्टुडिओवाल्याकडून फोटो आणले. पिशवीतून काढलेल्यांत पिशवी फार स्पष्ट आली आहे. एकात कोथिंबीर. एकात येडूची टाच असावी, किंवा भाकरी. शिवयोगी म्हणाला, विषय काय होता? मी म्हणालो, प्रयोग.

शेवटचा आला. कुंची, गालावर भलीमोठी तीट, दात नसलेलं हसू, आणि मागे मायाक्काचा हात. कडेला भिंतीशी माझी पाठ. बघतच राहिलो.

विचार केला. कॅमेरा माझा. फिल्म माझी. अंगण माझं. पाठ तर उघडच माझी. सौ.नं नुसता खटका दाबला. फोटो माझ्या नावानं प्रदर्शनाला पाठवला. शीर्षक: 'नॅचरल'.

१६ जानेवारी १९३४, मंगळवार

गड्ड्यावर तुफान गर्दी. आपला फोटो मधोमध लावलेला, खाली माझं नाव. परीक्षक पुढ्यात उभे राहून विचारत होते, एवढं लहान मूल अनोळखी माणसासमोर इतकं मोकळं हसलं कसं? मी घसा साफ केला.

तेवढ्यात मायाक्का सगळ्या मुक्कामाला घेऊन आली. धुळा, त्याचे भाऊ, म्हातारे, पोरंसोरं, खांद्यावर घोंगड्या. येडूला फोटोपुढे धरून तिनं सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "ह्यो माजा येडू. आन् ह्यो फोटू बाईंनी काढला. इचारून काढला. ह्ये दादा न्हवं. ह्येंनी काढला आसता तर पोरगं हसलं आसतं व्हय? ह्ये बगा, ह्ये भितीकडं तोंड करून हायत!" आणि माझ्या पाठीवर बोट ठेवलं. लोकांनी फोटोतली पाठ पाहिली, मग माझी पाहिली. जुळली.

पहिला नंबर मिळाला. नाव खोडून सौ.चं घातलं. चांदीचं पदक घरात आलं, हे मात्र मी म्हटल्याप्रमाणेच झालं.

२३ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून गल्लीतल्या बायका पोरं घेऊन अंगणात. सौ. प्रत्येकीला विचारते, पोराचं नाव विचारते, पोरालाही विचारते आणि मग खटका दाबते. फिल्म पुढे सरकवण्याचं तांत्रिक काम माझ्याकडे. तेही पाठमोऱ्यानं.

फोटोला बसण्याआधी प्रत्येक बाई माझ्याकडे येते, डावा पाय उचलायला सांगते आणि चिमूटभर माती पुडीत बांधून घेते. पोरांना काही झालेलं नाही. पण घरात असलेली बरी, म्हणे.

दुपारपर्यंत माझ्या पायाखाली खळगा पडला. सौ.नं परसातून घमेलंभर माती आणून तिथे ओतली आणि म्हणाली, अहो, अजून बऱ्याच जणी यायच्यात. तेवढी तुडवून ठेवा.